वायरलेस डॉक घ्यावा का? ऑफिसचा दमदार लॅपटॉप गावच्या घरी सेट करण्याची पूर्ण माहिती

"ताई, वायरलेस डॉक घेऊ का?" मुरबाडहून माझ्या मावसभावाचा मेसेज आला. सोबत एका ऑनलाइन दुकानाचा स्क्रीनशॉट, किंमत पाच आकडी. त्याची पहिलीच नोकरी आणि पहिलाच पगार. ऑफिसने दिलेला लॅपटॉप चांगला दणकट आहे: वेगळं ग्राफिक्स कार्ड, ३२ जीबी रॅम आणि विटेएवढा चार्जर. पण घरी कामाला बसला की माउस अडखळतो, हेडफोनमध्ये आवाज तुटतो आणि दिवसातून दोनदा तरी तो मीटिंगमधून बाहेर पडतो. मॅनेजरने सांगून ठेवलं होतं, महिनाभरात हे सुधारलं नाही तर रोज ऑफिसला यायचं.

ऑफिस ऐरोलीला. मुरबाडला रेल्वे नाही. म्हणजे आधी एसटीने कल्याण, तिथून लोकलने ठाणे, मग ट्रान्स-हार्बरची गाडी पकडून ऐरोली. मी शहापूरची. आसनगावहून ऐरोलीला दोन वर्षं ये-जा केली आहे. दिवसाचे पाच तास प्रवासात गेले की माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून मी त्याला लगेच "हो" किंवा "नाही" न सांगता रविवारी त्याच्या घरी गेले आणि सगळं टेबल उलटंपालटं करून पाहिलं. तिथे जे सापडलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून हा लेख.

उत्तर आधीच सांगते: वीज, स्क्रीन आणि नेट या तीन गोष्टी वायरनेच जोडा. कीबोर्ड, माउस आणि हेडफोन खुशाल वायरलेस घ्या. बाकीचा लेख म्हणजे हे असं का, आणि ते कसं करायचं.

डॉक म्हणजे काय?

लॅपटॉपला मॉनिटर, कीबोर्ड, माउस, लॅन केबल, हार्ड डिस्क आणि चार्जर असं सगळं जोडायचं असेल तर पाच-सहा वायरी लावाव्या लागतात. त्या सगळ्या एका डब्यात लावून ठेवायच्या आणि डब्यातून लॅपटॉपला एकच केबल द्यायची, तो डबा म्हणजे डॉक. सकाळी एक केबल लावली की काम सुरू. संध्याकाळी काढली की लॅपटॉप मोकळा.

बाजारात 'डॉक' या नावाने चार वेगवेगळ्या गोष्टी मिळतात.

१. यूएसबी-सी हब: छोटा आणि स्वस्त. त्याला बहुतेक वेळा स्वतःचा चार्जर नसतो.
२. यूएसबी-सी किंवा थंडरबोल्ट डॉक: स्वतःचा चार्जर असलेला मोठा डबा. लॅपटॉपला वीजही देतो.
३. डिस्प्लेलिंक डॉक: यात स्क्रीनचं चित्र दाबून लहान करून यूएसबीतून पाठवतात. त्यासाठी लॅपटॉपवर वेगळा ड्रायव्हर टाकावा लागतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर तशी परवानगी नसेल तर हा डॉक निरुपयोगी.
४. 'वायरलेस डॉक' म्हणून विकलं जाणारं: बहुतेक वेळा हा वायफायवरून स्क्रीन पाठवणारा रिसीव्हर असतो, नाहीतर ब्लूटूथ कीबोर्ड-माउस आणि मोबाइलचा वायरलेस चार्जर यांचा संच.

खरा वायरलेस डॉक कुठे गेला?

खरा वायरलेस डॉक येऊन गेला आहे. त्या तंत्राचं नाव वायगिग. नेहमीचं वायफाय २.४ आणि ५ गिगाहर्ट्झवर चालतं, वायगिग ६० गिगाहर्ट्झवर. २०१२ च्या शेवटी त्याचं ८०२.११एडी हे मानक प्रसिद्ध झालं. २०१३ मध्ये डेलने लॅटिट्यूड ६४३०यू या लॅपटॉपसोबत वायरलेस डॉक आणला. पुढे एचपी आणि लेनोव्हो यांनीही आणले. २०१४ मध्ये इंटेलने तर पूर्ण बिनवायरीच्या कॉम्प्युटरचं स्वप्न दाखवलं होतं. पण २०१७ मध्ये इंटेलनेच लॅपटॉपसाठीची वायगिग कार्डं बंद करायचं ठरवलं आणि ते प्रकरण तिथेच थांबलं.

असं का झालं? ६० गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतीतून जात नाहीत, मध्ये माणूस आला तरी अडतात. शिवाय वेगाला मर्यादा होती. हे गणित बघा. फुल एचडी स्क्रीन म्हणजे १९२० गुणिले १०८० ठिपके. प्रत्येक ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला ६० चित्रं धरली, तर सेकंदाला सुमारे ३ गिगाबिट माहिती लागते. ४के स्क्रीनला याच्या चौपट, म्हणजे सुमारे १२ गिगाबिट. लॅपटॉपमधलं वायगिग कार्ड जास्तीत जास्त ४.६ गिगाबिटच्या आसपास होतं. त्याच सुमारास यूएसबी-सी आलं. २०१५ मध्ये आलेल्या थंडरबोल्ट ३ च्या एका केबलमधून ४० गिगाबिट जातात, आणि त्याच केबलमधून लॅपटॉप चार्जही होतो. वायरलेस डॉक घेतला तरी चार्जरची वायर राहायचीच. मग लोकांनी एकच वायर पत्करली.

आणि बिनवायरीचं चार्जिंग? तोही प्रयोग झाला. २०१७ मध्येच डेलने लॅटिट्यूड ७२८५ आणला. खास चटईवर ठेवला की तो चार्ज व्हायचा. पण ती वीज होती ३० वॅट. हलक्या लॅपटॉपला ती चालते. मावसभावाच्या लॅपटॉपचा चार्जर १८० वॅटचा आहे.

आज तुमच्या हातात जे वायरलेस स्क्रीनचं तंत्र आहे ते मिराकास्ट. फोनची स्क्रीन टीव्हीवर पाठवता ना, तेच. विंडोजमध्ये 'विंडोज' आणि 'के' ही बटणं एकत्र दाबली की जवळचे टीव्ही दिसतात. मॅकबुकमध्ये मिराकास्ट नाही, तिथे एअरप्ले वापरतात. यात चित्र दाबून पाठवलं जातं, म्हणून बारीक अक्षरं थोडी पुसट दिसतात आणि माउस हलवल्यावर बाण किंचित उशिरा हलतो. सिनेमा बघायला किंवा चार जणांना स्लाइड दाखवायला उत्तम. दिवसभर आठ तास कोड किंवा एक्सेल बघायला नाही.

पायरी १: आधी वीज

मावसभावाच्या टेबलावर मी पहिल्यांदा बोर्ड बघितला. तो म्हणाला, "ताई, लॅपटॉपला हात लावला की मुंग्या येतात." चार्जरचा प्लग तीन पिनचा होता, पण तो दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये खोचलेला. तिसरी पिन, म्हणजे अर्थिंग, हवेत.

चार्जरच्या आत गडबड गाळण्यासाठी फिल्टर असतो. त्यातून अगदी थोडा करंट लॅपटॉपच्या धातूच्या अंगावर येतो. अर्थिंग असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर तुमच्या बोटांतून जातो. दोन पिनच्या छोट्या चार्जरला अशी किंचित झिणझिण होऊ शकते. पण तीन पिनच्या चार्जरला होत असेल तर समजा अर्थिंग नाही किंवा तुटलं आहे. आणि झिणझिण न होता जोरात झटका बसत असेल तर वापर लगेच बंद करा.

आम्ही वायरमनला बोलावलं. बोर्डावर तीन पिनचं सॉकेट होतं, पण मागे हिरवी वायर जोडलेलीच नव्हती. गावाकडच्या बऱ्याच जुन्या घरांत असं असतं. हे काम स्वतः करू नका, वायरमनकडूनच करून घ्या. तो आलाच आहे तर मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी आहे का तेही विचारा. करंट गळला तर तो क्षणात लाइट तोडतो.

आता वॅटचा हिशेब. यूएसबी-सीतून वीज देणारे साधारण डॉक ६० ते १०० वॅट देतात. २०२१ च्या नव्या मानकात ही मर्यादा २४० वॅटपर्यंत गेली आहे, पण त्यासाठी डॉक, केबल आणि लॅपटॉप तिन्ही त्या मानकाचे हवेत. तुमच्या चार्जरवर बारीक अक्षरांत वॅट लिहिलेले असतात. नसतील तर 'आउटपुट'समोरचे व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार करा. २० व्होल्ट आणि ९ अँपिअर म्हणजे १८० वॅट. अशा लॅपटॉपला ९० वॅटचा डॉक लावला तर "स्लो चार्जर" असा इशारा येतो, जड काम सुरू झालं की वेग मंदावतो आणि चार्जिंगला लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. दमदार लॅपटॉपला त्याचा मूळ चार्जर वेगळा लावा, डॉक बाकीच्या जोडण्यांसाठी ठेवा. दोन वायरी झाल्या तर होऊ देत.

केबलही बघून घ्या. साधी यूएसबी-सी केबल ६० वॅटपर्यंतच वीज नेते. त्यापुढे ५ अँपिअरची केबल लागते. मोबाइलसोबत आलेली केबल डॉकला लावू नका.

पायरी २: लाइट गेल्यावर काय चालू राहायला हवं?

पावसाळ्यात माळशेजकडून ढग आले की मुरबाडला काय होतं ते तिथल्यांना सांगायला नको. शहापूरलाही वेगळं नाही. मुंबईला पाणी देणारे भातसा, तानसा, मोडकसागर याच तालुक्यात आहेत, म्हणजे पाऊस किती पडतो त्याचा अंदाज करा. वाऱ्याने फांदी पडली की लाइट गेली.

लॅपटॉपला बॅटरी असते, तो चालू राहतो. पण राउटर बंद पडतो, मॉनिटर बंद पडतो आणि डॉकही बंद पडतो. डॉकमधून लॅन घेतलं असेल तर नेट तुटतं. डॉकला हार्ड डिस्क असेल आणि त्या क्षणी फाइल कॉपी होत असेल तर ती बिघडू शकते. मावसभाऊ मीटिंगमधून बाहेर पडायचा त्याचं निम्मं कारण हेच होतं: दोन मिनिटं लाइट जायची, आल्यावर राउटर सुरू होऊन नेट येईपर्यंत आणखी काही मिनिटं जायची.

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे राउटरचा मिनी यूपीएस. पाटीएवढी छोटी डबी, राउटर आणि त्याचा चार्जर यांच्यामध्ये लागते. घेण्याआधी राउटरच्या चार्जरवरचे व्होल्ट बघा. बहुतेक १२ व्होल्टचे असतात, काही ९ चे. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना बॅकअप हवा.

घरी इन्व्हर्टर असेल तर हिशेब असा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. नुकसान आणि बॅटरीची काळजी धरून साधारण १००० वापरा. लॅपटॉप ९०, मॉनिटर २५, राउटर आणि फायबरचा डबा १५ असे १३० वॅट धरले तर सात-साडेसात तास निघतात. साधा पंखा ७५ वॅट घेतो. तो लावला तर पाच तास. इन्व्हर्टर नवा घेणार असाल तर साइन वेव्ह घ्या. मागे 'यूपीएस' मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, म्हणजे लाइट गेल्यावर बदल झटकन होतो आणि डॉक रीस्टार्ट होत नाही.

वळवाचा पाऊस आणि विजा सुरू होण्याआधीच चार्जर, डॉक आणि राउटरचे प्लग सॉकेटमधून काढा. नुसतं बटण बंद करून पुरत नाही. फायबरची तार काचेची असते, तिच्यातून वीज येत नाही. पण राउटरच्या चार्जरमधून आणि लांब ओढलेल्या लॅन केबलमधून येऊ शकते.

पायरी ३: स्क्रीन

लॅपटॉपच्या यूएसबी-सी छिद्राशेजारी खूण बघा. वीज चमकल्यासारखा बाण असेल तर बहुधा थंडरबोल्ट. 'डी' आणि 'पी' अक्षरं गुंफल्यासारखी खूण असेल तर स्क्रीन जोडता येते. काहीच खूण नसेल तर मॉडेल नंबर टाकून कंपनीच्या साइटवर तपासा. दिसायला सगळी छिद्रं सारखीच असतात, पण काहींतून फक्त डेटा जातो.

साध्या यूएसबी-सी हबमध्ये एक मेख असते. केबलमधल्या मार्गिका स्क्रीन आणि डेटा यांच्यात वाटल्या जातात. म्हणून स्वस्त हबवर ४के स्क्रीन बऱ्याचदा सेकंदाला ३० चित्रांवरच अडकते आणि बाण तुटक हलतो. 'सेटिंग्ज', मग 'सिस्टीम', 'डिस्प्ले', 'ॲडव्हान्स्ड डिस्प्ले' इथे जाऊन ६० हर्ट्झ आहे का बघा. नसेल तर मॉनिटरची एचडीएमआय केबल हबऐवजी थेट लॅपटॉपला लावून पाहा. बहुतेक दमदार लॅपटॉपला एचडीएमआय असतं. मावसभावाचं काम तेवढ्यावरच झालं.

मॅकबुक असेल तर आणखी एक लक्षात ठेवा: एम१ आणि एम२ या मूळ चिपच्या मॅकबुकला सरळ एकच बाहेरचा मॉनिटर चालतो, डॉक कितीही महागाचा असो.

पायरी ४: कीबोर्ड, माउस, हेडफोन

आता अडखळणारा माउस. त्याचा छोटा डोंगल हबमध्ये खोचलेला होता आणि अगदी शेजारच्या छिद्रात निळ्या यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. हार्ड डिस्क काढली, माउस सुरळीत. लावली, पुन्हा अडखळला. हेडफोनचंही तेच.

हे तंत्र माहीत असलेलं बरं. यूएसबी ३ चालू असताना त्यातून रेडिओचा गोंगाट बाहेर पडतो आणि तो नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास येतो. इंटेलने २०१२ मध्ये स्वतःच याबद्दल सविस्तर लिहिलं होतं. वायरलेस माउसचा डोंगल २.४ वर, ब्लूटूथ २.४ वर, जुनं वायफायही २.४ वर. बाजारात सगळे एकाच वेळी ओरडायला लागले की कोणाचंच ऐकू येत नाही, तसं होतं. म्हणजे मावसभाऊ ज्या त्रासावर उपाय म्हणून आणखी एक वायरलेस डबा घेणार होता, तो त्रासच मुळात रेडिओच्या गर्दीचा होता.

उपाय साधे आहेत:

- डोंगल डॉकमध्ये न लावता साध्या यूएसबी एक्स्टेन्शन केबलने टेबलावर पुढे आणा. अर्धा मीटरही पुरतो.
- हार्ड डिस्क लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा.
- वायफाय २.४ वरून ५ गिगाहर्ट्झवर घ्या.
- डॉक लॅपटॉपच्या अगदी खाली किंवा खेटून ठेवू नका.

ब्लूटूथ हेडफोनवर गाणं छान वाजतं, पण मीटिंगमध्ये आवाज डब्यातून आल्यासारखा होतो, हा अनुभव तुम्हालाही असेल. माइक चालू झाला की जुनं ब्लूटूथ कमी दर्जाच्या 'कॉल' मोडमध्ये जातं. महत्त्वाच्या कॉलला वायरचा इअरफोन वापरा, किंवा माइक लॅपटॉपचा आणि आवाज हेडफोनचा असं सेटिंग करा.

सुरक्षेचंही एक सांगते. २०१६ मध्ये 'माउसजॅक' नावाची त्रुटी उघड झाली. काही कंपन्यांच्या डोंगलमधून जवळपासचा माणूस तुमच्या कॉम्प्युटरवर परस्पर बटणं दाबल्यासारखं करू शकत होता. त्यामुळे अनोळखी कंपनीचा डोंगल ऑफिसच्या लॅपटॉपला लावू नका. चांगल्या कंपनीचा असेल तर त्याचा फर्मवेअर अपडेट करा.

पायरी ५: नेट

राउटर जवळ असेल तर लॅन केबल टाका. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट नेते. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वेगवान असतं, पण जाड भिंतीपलीकडे दम सोडतं.

दुसरं नेट तयार ठेवा, आणि तेही दुसऱ्या कंपनीच्या सिमचं. फोनचा हॉटस्पॉट वायफायने देण्यापेक्षा केबलने 'यूएसबी टेदरिंग' करा. फोन चार्ज होत राहतो आणि हवेतली गर्दीही वाढत नाही. फायबर बंद पडलं की केबल लावून टेदरिंग सुरू करायचं, दहा सेकंदांचं काम. हे मीटिंगमध्ये पहिल्यांदा करू नका, आधी दोनदा करून बघा.

शेवटची सेटिंग्ज

- लॅपटॉप झाकण बंद करून वापरणार असाल तर 'पॉवर ऑप्शन्स'मध्ये झाकण बंद केल्यावर 'काही करू नका' असं निवडा. पण दमदार लॅपटॉप तापतो, झाकण उघडं ठेवून स्टँडवर ठेवलेला बरा.
- दिवसभर चार्जिंगला असतो, म्हणून लॅपटॉप कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा. पावसाळ्यात मात्र ही मर्यादा काढा, तेव्हा पूर्ण बॅटरी हवी.
- कोणतीही वस्तू घेण्याआधी ऑफिसच्या आयटीला विचारा. बऱ्याच ठिकाणी बाहेरची हार्ड डिस्क आणि ड्रायव्हर बंद असतात.

मावसभावाने शेवटी काय घेतलं?

एक मिनी यूपीएस, एक यूएसबी एक्स्टेन्शन केबल, वीस फूट लॅन केबल आणि वायरमनची मजुरी. जुना मॉनिटर आणि जुना हब तेच ठेवले. वायरलेस डॉकच्या निम्म्यानेही खर्च झाला नाही. उरलेल्या पैशांतून त्याने मावशीला साडी घेतली. "तुझ्या डब्यापेक्षा ही बरी," असं ती मला फोनवर म्हणाली.

महिना संपला तेव्हा मॅनेजरने विषय काढला नाही. तो आठवड्यातून दोनदा ऐरोलीला जातो, बाकी दिवस घरून काम करतो. डॉक त्याला अजूनही हवा आहे. मी सांगितलंय, घे, पण वायरचा, आणि तो इन्व्हर्टरच्या सॉकेटला लाव.

तुम्हीही खरेदीचं बटण दाबण्याआधी एवढं करा: बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या, चार्जरवरचे वॅट वाचा आणि डोंगल हार्ड डिस्कपासून हातभर लांब ठेवून एक दिवस काम करून बघा. त्यानंतरही डॉक हवासा वाटला तर मग घ्या.